वळणाचा आनंद



मोटारसायकलचा आनंद म्हणजे वेग, असे पुष्कळांना वाटते. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे.

१९७९ साली कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे दूरचित्रवाणीसाठी एक शर्यत भरली. काही वाट डांबरी, काही मातीची. तिच्यातून ‘सुपरमोटो’ हा प्रकार निघाला आणि पुढे फ्रान्समध्ये चांगलाच रुजला. मातीवर धावणारी उंच, किडकिडीत गाडी घ्यायची, तिला बहुधा १७ इंची लहान चाके आणि डांबरी रस्त्याचे रुंद टायर बसवायचे, झाले!

दक्षिण फ्रान्समध्ये १६०७ मीटर उंचीवर कोल द त्युरिनी ही खिंड आहे. तिच्या घाटात वळणामागून वळण येते. १५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३६ किलोमीटर वेगाने घेताना गाडी सुमारे ३४ अंश कलवावीच लागते. गाडी जड असो वा हलकी, गणित तेच. मग हलकेपणाने साधते काय? ती चटकन कलते, चटकन उभी राहते. डावीकडे वळायचे तर डावी मूठ किंचित पुढे रेटायची, एवढे पुरे. छत्तीसच्या वेगातही मन भरून जाते.

बलाढ्य गाडीला रंगात यायला जो वेग लागतो, तो सर्वांच्या रस्त्याला परवडत नाही. वळणापलीकडे एखादा मेंढपाळ मेंढरे घेऊन उभा असेल. दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, हा घाटाचा धर्म. तो पाळूनही जिचा आनंद उणावत नाही, तीच गाडी आम्ही थोर मानतो.