तिसरे आठ तास



ह्या व्यासपीठावरून अनेक विद्वानांनी थोर विषयांवर व्याख्याने दिली आहेत. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि जे काही शिकलो ते शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर अधिक शिकलो. अशा माणसाला बोलाविताना चालकांनी बोनस, ठेकेदारी किंवा नवे कामगार कायदे असा एखादा विषय मनात धरला असावा. आम्ही मात्र 'मोबाइलवरील खेळांनी येणारा थकवा' असा विषय कळविला. चिटणीसांनी दोनदा विचारले, की लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. हा विषय आमच्याच खात्यातला आहे, एवढेच आज आपल्याला पटवून द्यावयाचे आहे.

घरोघरी तक्रार ऐकू येते, की मुलगा मोबाइलला चिकटला, त्याला खेळाचे व्यसन लागले. आता, खेळाच्या नादाने माणूस खरोखर आजारी पडतो हे वैद्यकानेही मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत ह्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जाणे, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे होत. असा कोणी घरात असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. व्याख्यानाला आणू नये.

आम्ही बोलणार आहो ते दुसऱ्याच माणसाविषयी. हा माणूस वेळेवर कामावर जातो, पगार घरी देतो, रोज दोन-तीन तास खेळतो, आणि त्याला त्या खेळाचा मनापासून कंटाळा आलेला असतो. तरी तो खेळतो. उठतो तेव्हा बसताना होता त्याहून अधिक दमलेला असतो.

आमच्या संघटनेत पॉवर प्रेसवर काम करणारा एक तरुण आहे. चार जणांचा गट करून लढाई करावयाचा खेळ तो खेळत असे. त्याला आम्ही विचारले, "बाबा रे, एवढी मजा येते का त्यात?" तो म्हणाला, "काका, मजा कधीच गेली. आता ड्यूटी चालू आहे." त्याच्या तोंडून हा 'ड्यूटी' शब्द गेला आणि आमचे कान टवकारले. मालकाने कामाचे माप ठरविले, की संघटनेने आपले माप घ्यावयाचे, ही आमची जुनी रीत. आम्ही त्याला एक वही दिली आणि सांगितले, रोज खेळून झाल्यावर आज का खेळलो एवढे एका शब्दात लिही. महिन्याने वही पाहिली. 'मजा' हा शब्द क्वचित होता. बाकी 'हजेरी', 'राहिलेले काम', 'मुदत संपत आली', 'गटातले रागावतील', आणि पुन्हा 'हजेरी'. ही वही खेळाडूची नव्हती, पाळीवरच्या कामगाराची होती.

मंडळी, ह्या खेळांची रचना कशी असते ते पाहा. रोज उघडाल तर बक्षीस, आणि सलग दिवसांची साखळी तुटली तर ते बुडाले. गिरणीत ह्याला खाडा म्हणत. मुंबईच्या बदली कामगाराला, काम मिळो वा न मिळो, रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर राहावे लागे, कारण हजेरी चुकली तर पुढच्या कामावरचा हक्क ढळे. त्या बदलीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. २००९ साली 'फार्मव्हिल' नावाचा शेतीचा खेळ निघाला आणि जगभर गाजला. त्यात पेरलेले पीक ठराविक वेळेत कापले नाही तर वाळून जाई. कचेरीतली शहाणीसुरती माणसे खोट्या पिकासाठी खऱ्या झोपेतून उठत. तो खेळ २०२० च्या अखेरीस बंद झाला, पण त्याची युक्ती आजही अनेक खेळांत पाहावयास मिळते. पुढे 'पास' निघाला. ठराविक मुदतीचा पास पैसे देऊन घ्यावयाचा, आणि त्यातली बक्षिसे मिळविण्यासाठी मुदतीच्या आत नेमून दिलेली कामे उरकावयाची. पैसेही आपणच द्यावयाचे आणि कामही आपणच करावयाचे! इतकी वर्षे आम्ही करारनाम्यांवर वाद घातले, पण असला करार कोणा मालकाने आमच्यापुढे ठेवण्याचे धाडस केले नाही.

आपले जुने खेळ आठवा. कबड्डीत वीस मिनिटांचा डाव, पाच मिनिटे विश्रांती, पुन्हा वीस मिनिटे, आणि सामना संपला. जिंकणारा आणि हरणारा दोघेही घरी जातात. बुद्धिबळात राजाला मात झाली की पट आवरतात. संपणे हा खेळाचा एक नियमच होता. आजच्या ह्या खेळांत सामना संपतो, पण हंगाम संपत नाही. हंगाम संपला तर त्याच दिवशी दुसरा सुरू होतो. कारखान्याला निदान भोंगा असतो.

ह्या थकव्याला आपली मुले 'बर्नआउट' म्हणतात. गंमत अशी, की ज्या रोगसूचीचा आम्ही उल्लेख केला तीतही हा शब्द आहे, पण तो केवळ नोकरीच्या ठिकाणच्या ताणापुरता. शक्ती आटणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे ही त्याची तीन अंगे सांगून, जीवनाच्या इतर क्षेत्रांना हा शब्द लावू नये असेही तेथे म्हटले आहे. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर असेल. परंतु त्या तरुणाने नोकरीचा शब्द खेळाला लावला तो अज्ञानाने नव्हे. खेळच नोकरी होऊन बसला, म्हणून नोकरीचा शब्द त्याच्या जिभेवर आला.

कोणी म्हणेल, "अहो, त्याला सक्ती कोणी केली? आपखुशीने खेळतो, नको असेल तर सोडावे." ह्याला उत्तर त्या शब्दाच्या इतिहासातच आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउटचे वर्णन केले ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातील अनुभवावरून. तेथली माणसे वेठीला धरलेली नव्हती. ती स्वयंसेवक होती, उत्साहाने आली होती, आणि तीच आतून जळून गेलेली त्याला आढळली. जो मनापासून येतो तो 'पुरे' म्हणावयास लाजतो. आमच्या चळवळीतही असे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. शिवाय येथे सोबती असतात. चौघांतला एक उठला तर तिघे हरतात. मुकादमाचे ओरडणे माणूस सहन करतो, मित्राचा रुसवा सहन होत नाही.

थकव्याचा हिशेब कोठे चुकता होतो, तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर लावून बसणाऱ्यांच्या चुका होत, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ ह्या ब्रिटिश संशोधकाने प्रयोग केले. १९४८ साली त्याने ते प्रसिद्ध केले. घड्याळाच्या काट्याची क्वचित होणारी लांब उडी टिपावयाची, एवढेच काम. पण पहिल्या अर्ध्या तासातच माणसे चुकू लागत. नजर लावून बसणे हे श्रमाचेच काम आहे. साच्यावर उभ्या राहिलेल्या कोणाही विणकराने हे प्रयोगावाचून सांगितले असते. आमचा तरुण रात्री दोनपर्यंत अशी नजर लावून बसे आणि सकाळी सातला प्रेसवर उभा राही. प्रेसखाली बोटे गेलेले हात आम्ही पाहिले आहेत. खेळाचा प्रश्न आम्हाला करमणुकीचा वाटत नाही, त्याचे कारण हे आहे.

मग उपाय काय? चीनने २०२१ साली अल्पवयीनांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीचा दिवस एवढ्याच दिवशी, रात्री आठ ते नऊ एकच तास असा नियम केला. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळबंदी केली होती, ती पुढे उठविली. पण हे नियम मुलांसाठी. आमचा गडी पंचविशीचा आहे. त्याच्या दाराशी शिपाई उभा करता येत नाही, आणि करूही नये.

विश्रांती खेळाच्या रचनेतच घालता येते, हे मात्र सिद्ध झालेले आहे. २००४ साली निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळाच्या चाचणीत, फार वेळ खेळणाऱ्याची कमाई निम्म्यावर आणण्याची योजना होती. खेळाडू चिडले. तेव्हा रचनाकारांनी नावे बदलली. आधीच्या पूर्ण कमाईला त्यांनी 'विश्रांती घेतल्याचा लाभ' म्हटले आणि निम्म्या कमाईला 'नेहमीची' म्हटले. हिशेब तोच राहिला, आणि खेळाडू खूष झाले! म्हणजे माणसाला विश्रांती नको असते असे नाही. विश्रांती हा दंड वाटू नये, एवढेच त्याचे मागणे असते.

आणि ते खेळ बनविणारेही कामगारच आहेत, हे विसरू नका. मुदत गाठण्यासाठी त्यांना महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबविले जाते, असे उघडे पत्र अमेरिकेतील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने २००४ साली लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. २०२२ साली विस्कॉन्सिन राज्यात, खेळून खेळून दोष शोधणे हीच ज्यांची नोकरी, अशा तपासनिसांनी मतदान करून आपली संघटना स्थापिली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना थकलेली माणसे बसली आहेत.

आपल्याकडे रविवारची सुटी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून साप्ताहिक सुटीची मागणी केली. १८९० साली ती गिरणीमालकांनी मान्य केली. एकेकट्या कामगाराने रविवारी घरी राहण्याचा निश्चय केला असता तर सोमवारी त्याच्या जागी दुसरा उभा दिसला असता. सर्वांनी मिळून थांबणे, ह्यातच त्या सुटीचे बळ होते.

तेच आम्ही त्या तरुणाला सांगितले. आमच्या भागात कारखान्यांची सुटी गुरुवारी. त्याच्या गटाने ठरविले, की गुरुवारी खेळ बंद, इतर दिवशी रात्री अकरानंतर बंद, आणि जो उठेल त्याला कोणी बोलावयाचे नाही. पहिल्याच आठवड्यात एक जण फुटला, संपातही फुटतात. पण बाकीच्यांनी नियम पाळला. दोन महिन्यांनी आमच्या तरुणाने तो खेळ सोडला आणि कथा असलेला, शेवट असलेला दुसरा खेळ घेतला. तो संपला तेव्हा आनंदाने सांगावयास आला, "काका, संपला!" खेळ वाईट नाही, मंडळी. न संपणारा खेळ वाईट.

येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. मुलाला 'किती वेळ खेळलास?' असे विचारू नका. तो प्रश्न मुकादमाचा आहे. 'मजा आली का?' असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. 'नाही' असे उत्तर आले तर रागावू नका. तो दमला आहे, आणि दमलेल्या माणसाला जेवण, झोप व सोबत लागते, प्रवचन लागत नाही.

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपल्या मर्जीचे, ह्या मागणीसाठी १८८६ साली अमेरिकेतील कामगारांनी संप केले, त्यात माणसे मेली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. पहिल्या आठ तासांच्या मजुरीसाठी आम्ही जन्मभर भांडलो. हे तिसरे आठ तास मात्र कोणी हिसकावून घेतले नाहीत. हजेरीपट पुढे आला आणि आपण त्यावर सही केली. ते परत मिळवावयाचे असतील तर घरात, गटात आणि संघटनेत मिळून नियम करावे लागतील. आमच्या कचेरीत गुरुवारी संध्याकाळी कॅरमचा पट मांडलेला असतो. रात्री नऊला तो आवरतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी जरूर यावे.