सहल लांब नको, वारंवार हवी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचच्या निधीतून प्राथमिकच्या मुलांसाठी काय करायचं, यावर आपल्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली. डिजिटल बोर्ड घ्यावा, असं बहुतेकांचं मत दिसलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा या सूचनेला पहिला हात माझा वर जाईल असं तुम्हाला वाटलं असेल. बोर्ड जरूर घ्या. पण निधीतला एक वाटा पहिली ते चौथीच्या मुलांना बाहेर नेण्यासाठी ठेवा, एवढं मागायला मी उभी आहे.

बाहेर म्हणजे वॉटर पार्क नव्हे. मी म्हणते ती सहल दीड तासाची, पायी, अक्कादेवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मात्र वर्षातून चार वेळा आणि दर वेळी त्याच वाटेने. आमच्या कामात एका नोंदीवरून काहीच कळत नाही. एकाच जागेच्या नोंदी पुन्हा पुन्हा घेतल्या की काय बदललं ते दिसतं. निसर्गाचंही तसंच आहे.

मृगात गेलं की शेवळं दिसतील. शेवळांची भाजी आपण आवडीने खातो, पण तिच्यात काकडं का घालतात? शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते टोचतात, म्हणून घसा खाजतो. आंबट काकडं हा त्यावरचा आपल्या आज्यांचा उतारा. सप्टेंबरात तेरडा फुलतो. त्याचं पिकलेलं बोंड बोटांत धरलं की फटकन फुटतं आणि बिया उडतात. झाड जागचं हलत नाही, मग त्याचं बी लांब कसं जातं, हे मग फळ्यावर शिकवावं लागत नाही. थंडीत ऐनाच्या खोडावरून हात फिरवायचा. साल मगरीच्या पाठीसारखी लागते. होळीच्या आधी पळसावर पान नसतं, नुसती फुलं आणि त्यांतला मध प्यायला आलेले पक्षी.

चौथीच्या मुलांना एकदा खाडीवर न्यावं. तिवराच्या पानाला जीभ लावली की खारट लागते, कारण हे झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. भरतीची वेळ काढायचं आपल्या कोळी बांधवांचं गणित तर पाढ्यांच्या वयातलंच आहे : तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. रोज भरती पाऊण तासाने पुढे का सरकते, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतील, आणि मग चंद्राचा धडा सुरू होईल.

ही कल्पना माझी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. पानं, बिया, शिंपले हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. आपल्याकडे तर डोंगर आणि खाडी दोन्ही आहेत.

अजून आहेत, असं म्हणायला हवं. १९८९ मध्ये जेएनपीटी सुरू झालं, २०२४ मध्ये अटल सेतू चिर्ल्याला येऊन उतरला, आणि मधल्या काळात शेतांच्या जागी कंटेनर यार्ड आले. मी विकासाविरुद्ध बोलत नाही. आपल्यातल्या कित्येकांची घरं त्यावरच चालतात. पण ज्या मुलाने तिवर कधी पाहिलाच नाही, त्याला उद्या तो तुटल्याचं कळणारसुद्धा नाही.

आणि आपण चिरनेरचे आहोत. २५ सप्टेंबर १९३० ला याच अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. ज्या जंगलावरच्या हक्कासाठी माणसांनी प्राण दिले, त्यातली दहा झाडं आपल्या मुलांना नावानिशी ओळखता येऊ नयेत?

‘कोण सांभाळणार?’ ही पालकांची आणि बाईंची काळजी खरी आहे. म्हणून हिशोब मांडून आले आहे. सहा मुलांमागे एक मोठं माणूस. वीस-पंचवीस मुलांपेक्षा मोठा गट नाही. पावसाळ्यात गमबूट, सोबत प्रथमोपचार पेटी, पालकांचं संमतिपत्र, आणि गवतात शिरायचं नाही हा नियम. वाट दाखवायला कातकरी वाडीतल्या जाणत्या मावशी किंवा काका, आणि त्यांना रीतसर मानधन. झाडांची माहिती आपल्यापेक्षा त्यांना जास्त आहे. मुलांनी त्यांना ‘गुरुजी’ म्हणावं, अशी माझी इच्छा आहे. गमबूट, भिंगं, वह्या आणि मानधन हाच काय तो खर्च.

पैशापेक्षा माणसं कमी पडतील. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला आपल्यातले चार जण. म्हणजे वर्षाला सोळा सकाळी. आपली बॅच एवढं नक्की करू शकते. पहिली फेरी २५ सप्टेंबरच्या आठवड्यात धरू. आधी हुतात्मा स्तंभाला वंदन, मग डोंगराची वाट. बाई, सर, तुमची परवानगी असेल तर जेवणाच्या सुट्टीत मी नावं लिहून घेते.