त्वचेचा कर्करोग : प्रकार आणि ओळख

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)

 

कर्करोग म्हटले की तोंड, स्तन, गर्भाशय, फुप्फुस ही नावे चटकन ओठांवर येतात. त्वचेचे नाव सहसा येत नाही, आणि त्यास कारणही आहे. भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य विपुल असते व ते सूर्याच्या अतिनील किरणांना बरेचसे थोपवून धरते. ऑस्ट्रेलियात जो रोग घरोघरी ठाऊक आहे, तो येथे त्यामुळे विरळ आहे. परंतु विरळ आहे म्हणूनच तो ओळखला जात नाही. शिवाय येथे तो पुष्कळदा अशा जागी उद्भवतो, जेथे ऊनही पोहोचत नाही आणि दृष्टीही.

या रोगाचे मुख्य प्रकार तीन. पहिला बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून तो निर्माण होतो. नाक, पापणी, गाल ही त्याची नेहमीची स्थाने. चकाकणारी बारीक गाठ येते, भारतीयांत ती बहुधा काळसर असल्याने तीळच वाटते. पुढे मध्यभागी जखम होते, खपली धरते, पडते, पुन्हा धरते. हा प्रकार शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. मात्र जागच्या जागी खोल कुरतडत जातो. जुन्या इंग्रज वैद्यांनी त्यास उंदराने कुरतडलेल्या व्रणाची उपमा दिली होती, ती अगदी यथार्थ आहे. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास तो बहुधा पूर्ण बरा होतो.

दुसरा प्रकार स्क्वेमस सेल कार्सिनोमा. तो वरच्या चपट्या पेशींपासून होतो व लसिका ग्रंथींपर्यंत जाऊ शकतो. उन्हाखेरीज सततची उष्णता, घर्षण आणि वर्षानुवर्षे न भरलेली जखम ही त्याची कारणे. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. त्यामुळे पोटावर व मांडीवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. एल्म्स्ली यांनी 1866 मध्येच केली होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 मध्ये कमरेला घट्ट धोतर नेसण्याच्या सवयीशी निगडित कर्करोगाचे वर्णन केले. धोतराचा वापर घटला, परंतु परकराची नाडी राहिली. 2024 मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. साडीला कोणी दोष देण्याचे कारण नाही. नाडी थोडी रुंद असावी, थोडी सैल असावी, आणि कमरेवरचा काळा, खाजरा पट्टा फुटून जखम झाली व ती भरेना, तर सुनेने किंवा लेकीने सासूबाईंना, आईला डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच. भाजल्याचा जुना व्रण, कुष्ठरोग्याच्या तळपायाची जखम, यांतूनही अनेक वर्षांनी हाच रोग उद्भवतो.

(जाता जाता एक खुलासा आवश्यक आहे. कोड म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्याचे पूर्वरूपही नव्हे. या समजुतीपायी मुलींचे विवाह मोडले जातात.)

तिसरा प्रकार मेलॅनोमा. तिघांत हा सर्वांत घातक. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून तो होतो आणि रक्त व लसिका यांच्या मार्गाने फुप्फुस, यकृत, मेंदू गाठतो. गौरवर्णीयांत तो पाठीवर, पायांवर येतो; भारतीयांत मात्र तळपाय, तळहात व नखाखालील त्वचा ही त्याची प्रमुख स्थाने. जमैकाचे जगद्विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये हाच रोग आढळला. अंगठा काढण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तळपायावरील काळा डाग दुखत नाही. तो कुरूप समजून ब्लेडने तासला जातो, त्यावर चुना वा तेजाब लावले जाते, आणि महिने निघून जातात. डाग वेडावाकडा असणे, कडा अस्पष्ट असणे, एकाच डागात दोन-तीन छटा असणे, आकार 6 मिलिमीटरहून मोठा असणे, आणि मुख्य म्हणजे त्यात बदल होत जाणे, ही लक्षणे. सावळ्या व्यक्तींच्या अनेक नखांवर उभ्या काळ्या रेषा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. पण एकाच नखावर नवी रेषा उमटून रुंदावू लागली किंवा काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरला, तर ते गंभीर मानावे. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. हा डाग सरकत नाही.

येथे साधु-साध्वींचा विचार अपरिहार्य ठरतो. अनवाणी विहारामुळे हा रोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. परंतु खडे-काटे सोसलेल्या त्या तळव्यांवर भेगा, घट्टे, जुने व्रण इतके असतात की त्यांत नवा डाग लपून जातो. त्यात देहाविषयी अनासक्ती. आपण होऊन कोणी सांगत नाही. वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानले आहे. श्रावकांनी साधूंचे, श्राविकांनी साध्वींचे पाय दाबताना तळवे उजेडात पाहिले, तर त्याच सेवेत तपासणीही घडते.

संशय आल्यास त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सुरी लावली की रोग पसरतो, हा समज निराधार आहे. मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि रुग्णाचे भवितव्य बव्हंशी त्या आकड्यावर अवलंबून असते. 1 मिलिमीटरपेक्षा पातळ असताना बहुधा केवळ शस्त्रक्रिया पुरते. रोग पसरल्यावर पूर्वी फारसा इलाज नव्हता. 2011 पासून प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे आली आणि काही रुग्ण दीर्घकाळ जगू लागले. त्यांचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

अडचण पुढेच येते. तपासणीचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात, आणि तोवर ठाणे पुढच्या गावी गेलेले असते. तेव्हा तपासणी शक्यतो चातुर्मासाच्या प्रारंभी व्हावी, म्हणजे अहवाल, शस्त्रक्रिया आणि जखम भरणे यांस चार महिन्यांचा स्थिरवास मिळतो. शेषकाळात तुकडा घेतला गेल्यास ज्या संघाने तो तपासावयास दिला त्यानेच अहवाल आणावा आणि ठाणे ज्या गावी असेल तेथील संघाच्या हाती पोहोचवावा.