डेफिलेड, एन्फिलेड आणि आडोसा

बरेच जण विचारतात, "सर, इंग्रजी सुधारायला रोज दहा कठीण शब्द पाठ करू का?" मी ते करून बसलोय. त्याचं काय झालं, ते आज सांगतो.

मी मराठी माध्यमाचा. सेकंड लेफ्टनंट म्हणून पलटणीत रुजू झालो, तेव्हा मेसमध्ये बाकीचे अधिकारी फाडफाड इंग्रजी बोलायचे आणि मी सूप पीत गप्प. मग डिक्शनरी आणली, घोकायला लागलो. घोकलेलं वापरायची खाजही सुटली.

एका सरावात वायरलेसवरून हुकूम दिला, डेफिलेडमध्ये जा. डेफिलेड म्हणजे उंचवट्याआडची, शत्रूचा मारा पोहोचणार नाही अशी जागा. एन्फिलेड म्हणजे रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत होणारा मारा. खरखरीत पलीकडे पोहोचलं नुसतं 'फिलेड'. सेक्शन कमांडरला वाटलं, आपल्याला असा मारा करायचाय. त्याने जवान उघड्या धारेवर नेले. थोड्याच वेळात अंपायरने दहाच्या दहा जण 'मेले' असं जाहीर केलं. सराव होता, म्हणून रात्री ते जेवायला होते.

आमची पलटण मराठी जवानांची. सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "साहेब, आडोसा म्हणाला असता तर?"

मला झोप लागली नाही.

शब्द मी सोडले नाहीत, शिकायची पद्धत बदलली. आता आधी मूळ बघतो. फ्रेंचमध्ये 'फिल' म्हणजे धागा. एन्फिलेड म्हणजे ओवणं, सुईत दोरा जावा तसा मारा रांगेतून आरपार जातो. वाणी बिलं तारेत ओवून ठेवायचा ना? फाइल मुळात तीच. एकामागे एक चालणं, सिंगल फाइल, तेही त्याच कुळातलं. बल्बमधली फिलॅमेंटसुद्धा. एक धागा धरला की चार शब्द हाती लागतात आणि ते विसरत नाहीत.

दुसरा शब्द डेसिमेट. पेपरवाले सर्वनाशासाठी वापरतात. मूळ मात्र रोमन सैन्यातली शिक्षा: चिठ्ठ्या टाकून दहातला एक मारायचा, तोही त्याच्याच साथीदारांनी. डेसिमल आठवा. आज दोन्ही अर्थ चालतात, म्हणूनच हानीच्या अहवालात हा शब्द मी कधी लिहिला नाही. तिथे आकडा लिहायचा.

वही ठेवा. रोज एकच शब्द, त्याचं मूळ आणि स्वतःचं एक वाक्य. आठवडाभराने दुसऱ्याला समजावून बघा. अडखळलात तर तो शब्द अजून तुमचा झाला नाही.

आजचा शब्द सोपा देतो: माँगूस. आपलं मुंगूसच ते, पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेलं. त्याचं अनेकवचन 'माँगीज' करू नका हं. माँगूसेस. त्यात हंसवाला 'गूस' नाही.