स्पंज प्राणी कसा?

स्पंजाला डोकं नाही, तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतूही नाहीत. एकदा खडकाला चिकटला की बहुधा जन्मभर तिथेच. अशा जिवाला प्राणी म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? वर्गीकरणाचे महर्षी लिनिअस यांनीसुद्धा 1753 सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याला शेवाळांच्या पंगतीला बसवलं होतं.

1825 च्या सुमारास एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या मोठ्या भोकातून पाण्याची धार जोरात बाहेर पडत होती. हे पाणी अंगभर पसरलेल्या बारीक रंध्रांतून आत येतं. आतल्या पोकळ्यांना कॉलर पेशींचं अस्तर असतं. प्रत्येक पेशीला चाबकासारखा एक तंतू. तो सतत हलतो, म्हणून पाणी वाहतं. तंतूभोवतीच्या कॉलरमध्ये जीवाणू अडकतात आणि पेशी ते गिळून पचवते. माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. झाड उन्हावर स्वतःचं अन्न शिजवतं, स्पंजाला ते पकडून खावं लागतं. काही स्पंज हिरवे दिसतात, पण तो रंग त्यांच्या अंगात वस्तीला आलेल्या शेवाळाचा.

कुणी म्हणेल, अळिंबी तरी कुठे स्वतःचं अन्न बनवते? बरोबर. पण अळिंबीच्या पेशींना भित्तिका असते, स्पंजाच्या पेशींना नसते. आपल्या त्वचेत असतं ते कोलॅजेन स्पंजातही सापडतं. शिवाय त्याची अळी चक्क पोहते, मग जागा पाहून बूड टेकते.

स्पंज फक्त समुद्रातच असतात असंही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेन्री कार्टर यांनी मुंबईच्या तळ्यांतल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन 1849 मध्ये प्रसिद्ध केलं. तळं आटलं की असा स्पंज मरतो, पण मोहरीहूनही बारीक, टणक कवचाच्या गोळ्या मागे ठेवतो. पाणी आलं की त्यांतून नवा स्पंज वाढतो.

स्पंज प्राणीच आहे याबद्दल तरीही शंका उरली असेल, तर भूमध्य समुद्रातल्या एका गुहेतला स्पंज पाहा. फ्रेंच संशोधकांनी 1995 मध्ये त्याची हकीकत छापली. त्यानं पाणी गाळणं सोडूनच दिलं आहे. अंगावरच्या धाग्यांना असलेल्या सूक्ष्म आकड्यांत तो कोळंबीच्या कुळातले इवलेसे जीव अडकवतो आणि सावकाश पचवतो.