भोरड्यांची नोंद आपणच ठेवू
(जानेफळ येथील बैठकीत केलेले भाषण)



ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर चढून आपण भोरड्यांवर गोफण फिरवत आलो. ही भोरडी मध्य आशियात पिलं वाढवते, पावसाळा सरता सरता इकडे येते आणि एप्रिलपर्यंत परत जाते. कणसं खाते हे खरं. पण नाकतोडे आणि टोळही खाते. चीनच्या शिनच्यांग भागात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून ठेवतात!

आपल्याकडे ज्वारी हटली, सोयाबीन आलं. थवे किती उरले? पारावर दहा जण दहा उत्तरं देतील. लिहिलेलं कोणाकडेच नाही. उद्या नुकसानीबद्दल किंवा फवारणीबद्दल बोलायची वेळ आली, तर हाती काय दाखवणार?

देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ साली निघाला, तो ३० हजार हौशी माणसांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार सरोवर २०२० पासून रामसर यादीत आहे. दुर्बिणी तिकडे जातात. ज्वारीच्या धुऱ्यावर कोण येतो?

‘ई-बर्ड’वर नोंदीला पैसे लागत नाहीत. १५ मिनिटं थांबायचं. ठिकाण, वेळ, पक्षी आणि संख्या मोबाईलवर भरायची. ओळखले तेवढे सगळे पक्षी लिहायचे, म्हणजे भोरडी नव्हती हेही कळतं. ओळख पटली नाही तर ठोकून द्यायचं नाही.

हुरड्याच्या दिवसांत दर रविवारी सकाळी धुऱ्यावर दोघं तरी हवेत. नावं आज इथेच द्या.