जीव घाबरा होतो तेव्हा



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावलंत, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करतो. जीव घाबरा होणं, पोटात गोळा येणं, हातपाय गळणं. भीती शरीरातच उमटते, हे आपल्या मराठीला केव्हाच ठाऊक होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ‘पॅनिक डिसऑर्डर’ हा स्वतंत्र आजार म्हणून आला तो १९८० साली.

या झटक्यात होतं काय? समोर वाघ नसतानाही शरीर वाघ पाहिल्यासारखं वागतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास भराभर चालतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं, ‘आता मी जातो!’ या विचारानं धडधड आणखी वाढते. हे चक्र ओळखणं हाच अर्धा उपचार. कारण लाट बहुधा दहाएक मिनिटांत माथ्यावर पोचते आणि ओसरू लागते.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पहिल्यांदाच असं झालं, छातीत दुखलं, तर थेट रुग्णालय गाठा, ईसीजी काढा. माझ्या साखरेच्या गोळ्यांची वाट पाहू नका. हृदय, थायरॉइड ठीक आहे आणि हा भीतीचाच झटका आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, की पुढचं आपल्या हाती.

पाय जमिनीवर टेकून बसा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. आम्हा जैनांच्या कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणतात. तुम्ही रामनाम घ्या, नाहीतर नुसते आकडे मोजा. श्वास संथ होण्याशी मतलब. जवळच्यांनी ‘उगाच मनाला लावून घेतोस’ असं म्हणू नये. ‘मी इथंच आहे, हे ओसरेल,’ एवढं पुरे.

मेट्रोत झटका आला म्हणून मेट्रो सोडली, मग लिफ्ट, मग लग्नकार्य, अशी टाळाटाळ वाढली, की भीती घरात ठाण मांडते. एक स्टेशन, मग दोन, असं पुन्हा जायला शिकावं लागतं. विचारांवर काम करणारी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ उभी केली. गरज पडली तर औषधंही आहेत.

अडतं ते लाजेपाशी. तिकडे येरवडा, इकडे एर्रगड्डा: ज्या गावांत उपचार मिळतात, त्यांची नावं आपण शिवीसारखी वापरतो. कुकटपल्लीहून एर्रगड्डा मेट्रोनं चार स्टेशनं. पण कित्येक घरांना ते अंतर वर्षानुवर्षं ओलांडवत नाही. निदान फोन तरी करा. सरकारच्या ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६, तो २०२२पासून रात्रंदिवस मोफत चालतो. घरी गेल्यावर तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.